तिसऱ्या हाकेला

१

रविवारी चार वाजता शैलेशचा फोन कॉम्प्युटरवर येतो. घड्याळाकडे बघून होणारी आमच्या घरातली ही एवढीच गोष्ट. साडेतीनला दमयंती तोंड धुते, केस विंचरते, धुवट पातळ नेसते आणि खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसते. मी मशिन चालू करतो. आतला पंखा घरघरायला लागला की तिला तो ऐकू येत नाही, पण टेबलावर ठेवलेल्या हाताला कळतो. ती माझ्याकडे बघून मान हलवते. म्हणजे चला, आता येईल.

शैलेश आमचा एकुलता एक मुलगा. मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात आहे. तो नऊ वर्षांचा असताना दमयंतीला मोठा ताप आला होता. ताप उतरला आणि कान गेले. त्याला एकतीस वर्षं झाली. माझे ओठ तिला वाचता येतात. पण पडद्यावर शैलेशचं चित्र अडकतं, तुटतं, त्याचे ओठ तिला लागत नाहीत. मग तो बोलतो ते मी तिच्याकडे तोंड करून सावकाश पुन्हा बोलतो. इतकी वर्षं तिनं मुलाचं बोलणं असं माझ्या तोंडून ऐकलं.

सोळा सालच्या सप्टेंबरात शैलेशनं एका जहाजी सोबत्याच्या हाती तिच्यासाठी नवीन यंत्र पाठवलं. कानात घालायच्या दोन बारीक शेंगा आणि गळ्यात अडकवायची एक चपटी डबी. डबीला निळा दिवा. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी ते बसवून दिलं आणि आधीच सांगितलं, समोरच्या माणसाचं बोलणं नुसतं गडगडल्यासारखं लागेल; पण डबीतून जे जाईल ते मात्र थेट कानात, स्पष्ट. डबी कॉम्प्युटरला बिनतारी जोडायला लागते. आमच्या जुन्या मशिनला ती सोय नव्हती. त्यासाठी कार्ड घालायचं होतं.

गुरुवारी सकाळी कीर्ती आली. ती मार्केटजवळच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करते. दोन मुलांची आई, पण चाल पोरीसारखी. तिनं मशिन आडवं घातलं, बाजूचा पत्रा काढला आणि म्हणाली, "काका, आत तर झुरळांचा संसार आहे. भाडं घेता का?"

मी हसलो. मला एका जागी बसवत नव्हतं. आत बॅटरीचा उजेड धरायला कुणी सांगितलं नसतं तरी मी धरला असता.

तिनं धूळ उडवली, मागची एक पत्र्याची पट्टी काढली, कार्ड खाचेत बसवून अंगठ्यानं दाबलं. टक् झालं. बाहेरून दोन काळे दांडे लावले. कोळंबीच्या मिशांसारखे ते मागून वर आले. "यातून वायफाय पण चालेल," ती म्हणाली. "इंटरनेटची ती उंदरांनी खाल्लेली वायर आता काढून टाका." मग तिनं बरंच काही दाबलं. दमयंतीच्या गळ्यातला निळा दिवा लुकलुकत होता, तो ठाम झाला.

"जोडलं गेलं," कीर्ती म्हणाली. तेवढ्यात तिला खारघरच्या कुठल्या कॉलेजातून फोन आला आणि ती स्क्रू गोळा करत उठली. "कार्डाचा बॉक्स टाकू नका हं काका. वॉरंटी आहे."

बॉक्स मी आतल्या कागदांसकट कपाटावर ठेवला.

२

त्या रविवारी दमयंती अडीच वाजताच येऊन बसली.

चारला पडद्यावर शैलेश दिसला. मागे जहाजाची पांढरी भिंत, अंगात निळा डगला. त्याला मी आधीच कळवलं होतं. तो खुर्चीत पुढे सरकला.

"आये," तो म्हणाला. "ऐकू येतंय का गो?"

दमयंतीचा हात छातीकडे गेला. ती दचकली होती. डोळे भरले होते. मी वाट बघत होतो, की आता ही काय बोलते. तिनं माझ्याकडे वळून विचारलं,

"यो कोन?"

"अगो, शैलेश. तुजा शैलू."

तिनं पडद्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. "बापयाचा आवाज हाय," ती म्हणाली. बापया म्हणजे आमच्याकडे मोठा पुरुष.

शैलेश खळखळून हसला. "आये, चाळीस वर्षांचा झालो मी! बापयाचाच असणार!" मग त्यानं चेहरा बाजूला केला आणि बाहीनं डोळे पुसले. खूप वेळ बोलला. जहाजावरचं जेवण, बंदरं, थंडी. दमयंती ऐकत राहिली. हो, बरं, असं म्हणत राहिली. पाहुण्याशी बोलावं तशी.

फोन संपल्यावर तिनं शेंगा काढून हातात धरल्या. "माजा शैलू असा नाय बोलत," ती म्हणाली.

मला तिचं चुकलं असं वाटेना. तापाच्या आदल्या दिवशी तिनं ऐकलेला शैलेश नऊ वर्षांचा होता. त्या आवाजावर ती एकतीस वर्षं राहिली. मी बोट दाखवून, ओठ हलवून तिला समजावलं. सवय होईल. नोव्हेंबरात शैलेश सुट्टीवर येणार होता. तोवर सात रविवार होते. तेवढ्यात तिनं आपल्या मुलाचा खरा आवाज ओळखायला शिकावं, तो दारात येऊन 'आये' म्हणाला की तिनं 'आला माजा' म्हणावं, एवढीच माझी इच्छा. दुसरं काही मला नको होतं.

३

सोमवारपासून मी सराव सुरू केला. शैलेशनं बोलून पाठवलेले निरोप मशिनमध्ये होते. सकाळी अकराच्या सुमाराला, दमयंती भाकऱ्या करत असायची तेव्हा, मी ते लावायचो. डबी तिच्या गळ्यात असायची. ती पीठ मळत ऐकायची.

पहिल्याच दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान चौकोन आला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण कुठं होय दाबायचं आणि कुठं नको, एवढी इंग्रजी अक्षरं शैलेशनं मला शिकवली होती. कुणीतरी जोडून घ्यायची परवानगी मागत होतं. असा चौकोन येतो हे कीर्ती डबी जोडत असताना मी बघितलं होतं. तेव्हा त्यात यंत्राचं नाव होतं. यात नावाची जागा कोरी होती.

मी काही दाबलं नाही. चौकोन थोडा वेळ थांबला आणि गेला.

मंगळवारी पुन्हा आला. त्याच वेळेला. मी त्याच्याकडे बघत बसलो. तो गेला.

इथं माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मी खाडीवर चाळीस वर्षं तर चालवली. तर म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी. पलीकडच्या काठावरून कुणी हाक मारली की लगेच होडी सोडायची नाही, ही आमची रीत. पहिल्या हाकेला नाही, दुसरीला नाही. तिसरी आली की वल्हं उचलायचं. माझ्या बापानं मला सांगितलं होतं, ज्याला खरंच यायचं असतं तो माणूस तीनदा हाक मारतो. बाकीचे एकदाच मारतात, फार तर दोनदा. बाकीचे म्हणजे कोण, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण चाळीस वर्षांत माझी होडी कधी रिकामी परत आली नाही. काठावर प्रत्येक वेळी माणूसच उभा होता.

बुधवारी चौकोन तिसऱ्यांदा आला.

मला बरं वाटलं. शेजारच्यांचा फोन असेल, नाहीतर दमयंतीचीच डबी पुन्हा मागत असेल, असं मनाशी म्हटलं. मी होय दाबलं.

४

आतून हसण्याचा आवाज आला.

दमयंती हसते तेव्हा तोंडावर पदर धरते. तशी हसत नव्हती. मोठ्यानं, मोकळी हसत होती. मी उठून दारात गेलो. ती चुलीपुढे बसली होती. गॅस आला तरी भाकरी ती चुलीवरच करते. तव्यावर भाकरी फुगली होती आणि ती डाव्या बाजूला बघून म्हणत होती,

"वाफ लागंल. लांब सरक बघू."

डाव्या बाजूला लाकडं ठेवायची रिकामी जागा. मी तिच्यासमोर गेलो, विचारलं, कुणाशी बोलतेस?

"शैलूशी."

"काय बोलतोय?"

"आये म्हनतो." तिचा चेहरा मी तिच्या पंचविशीत बघितला होता तसा झाला होता. "बारीक आवाज हाय त्याचा. व्हता तसाच. म्हनतो, माजी भाकरी बारकी कर, माज्या हाताएवढी."

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, खोटं कशाला सांगू. आनंदाचा होता. मशिनमध्ये शैलेशचा लहानपणचा एकही शब्द साठवलेला नव्हता. तेव्हा आमच्याकडे रेडिओही नव्हता. पण मला वाटलं, कान उघडल्याबरोबर हिच्या मनातलं जुनं सगळं वर आलं. आणि ती बारकी भाकरी. शैलेश तशी मागायचा की नाही, मला माहीत नव्हतं. मी दिवसभर होडीवर असायचो. पोर घरात काय बोलतं, आईकडे काय मागतं, ते मला कुठलं ठाऊक!

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, असं होतं. फार वर्षं आवाज नसला की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो. बसेल हळूहळू.

मला ते पटलं. त्या दुपारी दमयंतीचा डोळा लागल्यावर मी डबी तिच्या गळ्यातून अलगद काढली आणि कानाला लावली. काहीच नव्हतं. फक्त ती कोमट होती, जशी कुणीतरी बराच वेळ मुठीत धरली असावी.

ताटात चार भाकऱ्या होत्या. वर एक पाचवी, तळहाताएवढी. तिचा एक घास तुटलेला होता.

उंदीर फार झालेत, मी म्हणालो. ऐकायला कुणी नव्हतं.

५

पुढच्या रविवारी दमयंतीनं माझ्या खुर्चीच्या आणि तिच्या खुर्चीच्या मध्ये एक स्टूल आणून ठेवलं. मी विचारलं, हे कशाला? तिनं ते पदरानं पुसलं.

शैलेश दिसला. उल्हासात होता. "आये! वळख बघू, मी कोन?"

दमयंती स्टुलाकडे बघत होती.

"बा," शैलेश थोड्या वेळानं म्हणाला, "तुमच्याकडून आवाज परत येतोय. मी बोलतो तेच मला मागं ऐकू येतंय."

"यंत्राचा दोष असंल."

"तसंच असेल. पन बारीक आहे. पोराचा वाटतो." तो हसला. मग त्यानं कानावरचा काळा हेडफोन दाबून धरला आणि त्याचं हसू थांबलं. "बा, मी बोलायच्या आदी येतोय."

"काय?"

"शब्द. मी बोलतो त्याच्या आदी येतात. तिथनं आदी येतात, मग मी बोलतो."

पंखा घरघरत होता. खिडकीबाहेर भरती लागत होती, होड्या एकमेकींना घासत होत्या. बाकी खोलीत आवाज नव्हता. मी कान देऊन ऐकलं, म्हणून सांगतो.

"आये," शैलेश म्हणाला, "बोल ना गो माझ्याशी."

दमयंतीनं हात वर केला. "दोगं एका टायमाला नका बोलू. माजं डोकं उठतं." मग ती पडद्याकडे वळली. समजूत घालावी तशी म्हणाली, "तुमी मोटं हाव. तुमी जरा थांबा. त्याला बोलू द्या."

तिनं त्याला 'तुमी' म्हटलं.

शैलेशचा चेहरा मी विसरणार नाही. जहाजावर त्याच्या हाताखाली बारा माणसं आहेत. त्या क्षणी तो अंगणात पडून गुडघा फोडून घेतलेल्या पोरासारखा दिसला. मग सावरून म्हणाला, "असू दे बा. मी नोव्हेंबरात सव्वीसला येतोय. समोर बसून बोललो की वळखेल."

"वळखेल रे," मी म्हणालो. "न वळखून काय करंल!"

फोन संपला. मी मशिन बंद केलं. पंखा थांबला. दमयंती आणखी अर्धा तास बोलत होती.

६

मशिन बंद असताना डबीत आवाज येतो कुठून? हे मला सुटेना. कीर्ती म्हणाली होती, या कार्डाचा पल्ला तीस-चाळीस फूट. त्यापुढे तुटतं. मी होडीवाला, मोजायचं ते वावेनं मोजतो. दोन्ही हात पसरले की एक वाव. मी दोरी घेतली, टेबलाच्या पायाला बांधली आणि सात वाव मोजून पुढे गाठ मारली. गाठ आमच्या दारातून, पायऱ्यांवरून, समोरच्या पिंपळाच्या पारापर्यंत गेली. एवढ्यात जे काही होतं, तेवढ्यातच ते असणार. त्यात आमच्या दोन खोल्या, जिना आणि शेजारची बंद खोली. बंद खोलीला कुलूप होतं. जिन्यात मी सगळीकडे बघितलं. काय बघत होतो, ते मला सांगता आलं नसतं. पण त्यात भीतीबरोबर उत्सुकताही होती, हे कबूल करतो.

मग मी मशिनवर भजन लावलं आणि दमयंतीला खुणेनं सांगितलं, धक्क्यावर जाऊन ये, भजन कुठं थांबतं ते मला सांग. सकाळचे दहा वाजले होते, ऊन चांगलं तापलं होतं. मी दहा पावलं मागून चाललो.

गाठीच्या पुढे दोन पावलांवर ती थांबली. वळून म्हणाली, "भजन तुटलं."

मी खूष झालो. म्हणजे यंत्र यंत्रासारखंच वागत होतं.

ती पुन्हा चालायला लागली. आणि बोलायला लागली.

कोळीवाडा ओलांडून धक्क्याजवळ जाईपर्यंत ती बोलत होती. ते कावळे, ती जाळी, ती मोठी होडी बग. डावा हात तिनं अंगापासून थोडा लांब धरला होता, खाली, बोटं अर्धी मिटलेली. पाऊल तिचं नव्हतं. मधेच आखूड टाकत होती, मधेच थांबत होती. एकतीस वर्षांत अशी चालताना मी तिला बघितलं नव्हतं, पण त्याआधी बघितलं होतं.

धक्क्यावर गंगाबाई टोपली घेऊन बसली होती. तिनं दमयंतीला जाऊ दिलं आणि मला हाक मारली. "ओ काशिरामदादा! वयनीला कान दिलेस का जीभ? सकाळधरनं दुसऱ्यांदा बघतंय, एकटीच बोलते."

"सराव करते," मी म्हणालो.

"करू दे बाबा. आमच्या म्हाताऱ्याला पन एक डबी आन. गप तरी बसनार नाय." ती हसली आणि बोंबील निवडायला लागली. मग मान न उचलता म्हणाली, "पन तिला सांग, चिखलाकडं नगो नेऊ. वटी लागलीय, पानी उतरतंय."

"कुनाला?"

गंगाबाईनं वर बघितलं. तिचा हात टोपलीवर थांबला होता. "काय म्हायती," ती म्हणाली. "तोंडातनं गेलं बग."

७

मी तसाच कीर्तीच्या गाळ्यात गेलो आणि तिला घेऊन आलो; तोवर दमयंतीही घरी परतली होती. म्हणालो, कार्ड काढ.

"का काका? बिघडलं?"

"काढ."

तिनं पुन्हा मशिन आडवं घातलं, पत्रा काढला. आत बघत राहिली. मग हसली. "काका, कुणाकडून उघडून घेतलंत का मधे?"

"नाय."

"मग ती छोटी वायर कुठे गेली? हे बघा. वायफाय या खाचेतून चालतं. पण ब्लूटूथला एक वेगळी वायर असते, कार्डापासून खाली या पिनांवर लावायची. ती नाही लावली तर ब्लूटूथ चालूच होत नाही. मशिनला ते दिसतच नाही."

मी कपाटावरचा बॉक्स काढला. कागद बाजूला केले. खाली प्लास्टिकची पुडी होती, चारही बाजूंनी चिकटवलेली. आत काळी वायर, रबरानं गुंडाळलेली. पुडी कुणी फोडलेली नव्हती.

कीर्तीनं ती हातात घेतली, उलटी केली, उजेडात धरली.

"म्हणजे मी लावलीच नाही," ती म्हणाली. "तो कॉलेजचा फोन आला ना..." तिनं माझ्याकडे बघितलं. "पण जोडलं गेलं होतं, काका. मी स्वतः बघितलं. पडद्यावर नाव आलं होतं. काकूंचा दिवा लागला होता."

"हो."

"आणि काकूंनी ऐकलं. तुम्हीच म्हणालात, शैलेशदादाचा आवाज ऐकला."

"ऐकला."

"मग कशातून ऐकला?"

तिनं भराभर कार्ड काढलं, मिशा काढल्या, सगळं बॉक्समध्ये कोंबलं. पत्रा लावताना तिचा स्क्रू दोनदा पडला. दारात जाऊन ती थांबली. "काका, आत कुणी आहे का? काकूंबरोबर?"

"का?"

"काही नाही. भांडी वाजल्यासारखी वाटली." आणि ती गेली. निरोपसुद्धा नीट घेतला नाही तिनं.

मी दमयंतीसमोर बसलो. हात जोडले. दे म्हणालो, ते सगळं मला दे. ती रडेल, भांडेल, असं मला वाटलं होतं. एकतीस वर्षांनी मिळालेले कान मी परत मागत होतो. तिनं शांतपणे शेंगा काढल्या, डबी काढली, माझ्या ओंजळीत ठेवली. निळा दिवा बंद होता. तो किती दिवस बंद होता कुणास ठाऊक. मी सगळं कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मी परत आलो तेव्हा ती पीठ मळत होती. एक गोळा मोठा, एक बारका.

८

सव्वीस नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता शैलेशची गाडी आळीच्या तोंडाशी थांबली.

मी पहाटेपासून तयार होतो. दोनदा दाढी केली. मधल्या दिवसांत दमयंती चांगली होती, घरातलं करत होती, माझे ओठ वाचत होती, कपाटाकडे कधी बघतही नव्हती. मी मनाला सांगितलं होतं, संपलं ते. मुलाचा आवाज तिला नाही ओळखता आला, नाही तर नाही. चेहरा तर ओळखते. तो येऊन तिच्यापुढे बसेल, ती त्याच्या गालावर हात फिरवेल. कानांचं एवढं काय घेऊन बसायचं!

शैलेश मोठी बॅग खांद्यावर घेऊन आळीतून आला. दोन्ही बाजूंनी लोक हाका मारत होते. तो प्रत्येकाला हात करत होता. माझ्या पाया पडला, मला उचललंच त्यानं.

"आये कुठाय?"

"आत. सकाळधरनं तुजीच वाट बघते."

आम्ही दोघं आत गेलो. ऊन खिडकीतून थेट जमिनीवर पडलं होतं. दमयंती त्या उन्हात भिंतीला टेकून बसली होती, एक पाय लांब केलेला. कानात काही नव्हतं, गळ्यात काही नव्हतं. कपाटाला कुलूप होतं, किल्ली माझ्या करदोट्याला होती. मी हात लावून बघितली.

शैलेश उंबऱ्यातच थांबला. त्याला भरून आलं होतं. "आये," तो म्हणाला. मोठ्यानं नाही.

दमयंतीनं मान वळवली. तिचं आमच्याकडे लक्षही नव्हतं, तरी वळवली. ती त्याच्याकडे बघून हसली. ओळखीचं हसली. पण आलेल्या माणसाला बस म्हणताना हसतात तसं. मग तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "आत्ताच झोपलाय."

कान गेल्यापासून ती मोठ्यानं बोलते. स्वतःचा आवाज तिला लागत नाही, म्हणून सगळं घर दणाणतं. एकतीस वर्षांत मी तिला हळू बोलताना ऐकलं नव्हतं. ती कुजबुजली. अगदी जेवढं हळू बोलायला हवं तेवढंच.

लांब केलेल्या पायाच्या मांडीवर तिचं पातळ दबलेलं होतं. मधे एक खोलगट, वाटीसारखी जागा, आणि तिच्याभोवती चुण्या पडलेल्या, जशा वर काही वजन असल्यावर पडतात. तिचा उजवा हात त्या खोलगट जागेच्या थोडा वर, हवेत, हळूहळू फिरत होता. चुण्या किंचित वर होत होत्या. किंचित खाली होत होत्या.

मी शैलेशकडे बघितलं. त्यानंही ते बघितलं होतं.

त्यानं खांद्यावरची बॅग दोन्ही हातांनी धरून खाली ठेवली. जराही आवाज न होऊ देता.